फॉरमॅट मारण्यापूर्वी

शहागंजच्या चमनपासून हाकेच्या अंतरावर आमचे जुने घर आहे. पुढच्या खोलीत खिडकीखाली एक संगणक ठेवलेला असतो. तो अब्बांचा. अब्बा उर्दू टायपिंगची कामे करायचे. लग्नाच्या पत्रिका, पावती पुस्तके, एखाद्या शायराचे छोटेसे पुस्तक. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने इनपेज हे सॉफ्टवेअर आणले आणि कातिबाच्या कलमाने लिहिली जाणारी नस्तालीक लिपी साध्या घरगुती संगणकावर टाइप करता येऊ लागली. अब्बा ते शिकले आणि शेवटपर्यंत त्यावरच बसले. पत्रिकांचे काम संपले की रात्री ते आमच्या खानदानाचा शजरा टाइप करत. पुढे डोळ्यांनी साथ सोडली, तेव्हा माइक लावून बोलू लागले. १९४८ पूर्वीचे, निजामी अंमलातले शहागंज त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकले होते. ते सगळे त्यांनी त्या संगणकात बोलून ठेवले.

अब्बांना जाऊन दोन वर्षे झाली. संगणक मुलांच्या अभ्यासाला आला, पण अब्बांचे फोल्डर कुणी हलवले नाही. आणि खरे सांगायचे तर, कुणी त्याची दुसरी प्रतही काढली नाही. "काढू या एक दिवस," असे आम्ही म्हणत राहिलो.

यंदा मे महिन्यात घराला रंग दिला. संगणकाच्या सगळ्या वायरी काढून तो तीन आठवडे पलंगाखाली चादरीत गुंडाळून ठेवला. रंगकाम आटोपले आणि मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशाची वेळ आली. तिचे दाखले, गुणपत्रिका, सगळे स्कॅन करून त्याच संगणकात होते. आम्ही वायरी जोडल्या, बटण दाबले. पंखा फिरला, पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ येऊन गेली, मग विंडोजचे चिन्ह आले, आणि एकदम निळा पडदा चमकून संगणक बंद. पुन्हा आपोआप सुरू. पुन्हा तेच. मुलीने मोजले, सात वेळा.

रिक्षात घालून आम्ही तो एका दुकानात नेला. दुकानदाराने दोन मिनिटे पाहिले. "विंडोज उडाली. फॉरमॅट मारावं लागेल. संध्याकाळी घेऊन जा."

"आतल्या फाइली?"

"त्या विसरा."

आम्ही घरी फोन लावला. अम्मीने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "उसमें तुम्हारे अब्बा की आवाज है."

आम्ही संगणक उचलला आणि परत घरी आणला.

त्या दुकानदाराला आम्ही वाईट म्हणत नाही. त्याच्यापुढे दुरुस्तीला आलेल्या डब्यांची रांग होती. फॉरमॅट हा त्याच्यासाठी सर्वांत जवळचा रस्ता, आणि बहुतेक वेळा त्या रस्त्याने संगणक सुरूही होतो. पण त्याच्या दृष्टीने तो एक डबा होता आणि आमच्या दृष्टीने ती अब्बांची अमानत होती. हा फरक दुकानदाराला कळायलाच हवा असे नाही. आपल्याला मात्र कळायला हवा. पुढच्या चार दिवसांत आम्ही जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवतो आहोत, कारण असा संगणक आज कितीतरी घरांत आहे.

"नेमका कुठपर्यंत जातो?"

रविवारी आमची भाची आली. पॉलिटेक्निकला शिकते. तिने आल्या आल्या स्क्रू ड्रायव्हर काढला नाही. चहा घेता घेता विचारले, "मामू, बटण दाबल्यावर तो नेमका कुठपर्यंत जातो आणि कुठे थांबतो?"

आम्हाला नीट सांगता येईना. "चालू होत नाही" एवढेच आम्ही सगळ्यांना सांगत होतो. ती म्हणाली, "ताप आलाय एवढंच डॉक्टरला सांगून भागतं का? तसंच आहे हे."

मग तिने समजावले. संगणक सुरू होणे याला बूट होणे म्हणतात. इंग्रजीत बुटाच्या मागच्या पट्टीला बूटस्ट्रॅप म्हणतात. आपल्याच बुटाच्या पट्ट्या धरून आपणच आपल्याला वर उचलायचे, या गमतीच्या कल्पनेवरून तो शब्द आला. संगणकालाही तसेच करावे लागते. बटण दाबले त्या क्षणी त्याला काहीच आठवत नसते. आधी वीज येते. मग मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटासा प्रोग्राम जागा होतो. त्याला बायोस म्हणतात, नव्या संगणकांत यूईएफआय. तो प्रोसेसर, मेमरी म्हणजे रॅम, कीबोर्ड यांची हजेरी घेतो. मग विंडोज कोणत्या डिस्कवर आहे ते शोधतो आणि कारभार विंडोजच्या हाती सोपवतो. विंडोज आपल्या फाइली एकेक करून वर आणते, तेव्हा कुठे आपला नेहमीचा पडदा दिसतो.

ही साखळी जिथे तुटते, तिथे बिघाड शोधायचा. साखळीचे शेवटचे कडे तुटले असेल तर पहिल्या कड्यावर हातोडा मारून उपयोग नाही.

कडे कुठले, ते कसे ओळखावे?

अगदी काहीच होत नाही, दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही, तर अडचण विजेची. बोर्डाच्या त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. स्पाइक गार्ड बाजूला ठेवून वायर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावी. डब्याच्या मागे, जिथे जाड वायर जाते तिथे, एक छोटे बटण असते. साफसफाईत ते हमखास दाबले जाते. वायर काढून सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, मग वायर लावून पुन्हा पाहावे. आत साठलेली वीज निघून गेली की काही संगणक, विशेषतः लॅपटॉप, एवढ्यानेच जागे होतात. हे सगळे करूनही काही नाही, तर वीज पुरवणारा आतला डबा, म्हणजे एसएमपीएस, गेलेला असू शकतो. तो बदलून मिळतो. पण तो घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्याच्या आत धक्का बसण्याइतकी वीज साठून राहते.

पंखा फिरतो पण पडदा काळाच आहे, तर आधी मॉनिटरची वायर पाहावी. ती ढिली असते किंवा चुकीच्या जागी लावलेली असते. वायर ठीक असेल तर संशय रॅमवर. आपल्या भागात उन्हाळ्यात धूळ घरात येतेच. रॅमच्या पट्टीवर सोनेरी दातांची एक ओळ असते. तिच्यावर मळ बसला की संगणकाला मेमरी सापडत नाही, आणि काही संगणक बीप-बीप असा आवाज करतात. वायर काढून, डब्याच्या लोखंडी भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. मग पट्टी अलगद काढून त्या दातांवरून पेन्सिलचे साधे खोडरबर फिरवावे, भुसा झटकावा आणि खट असा आवाज येईपर्यंत पट्टी परत बसवावी. एवढ्या दोन मिनिटांच्या कामाने उभे राहिलेले संगणक थोडे नाहीत.

पडद्यावर अक्षरे येतात, पण पुढे "नो बूटेबल डिव्हाइस" किंवा तशा अर्थाचा संदेश येतो, तर संगणकाला विंडोजची डिस्क सापडत नाही. सर्वांत आधी एखादा पेन ड्राइव्ह मागे लावलेला राहिला आहे का ते पाहावे. संगणक कधी कधी त्यातच विंडोज शोधत बसतो. तो काढून पुन्हा सुरू करावे. नसेल तर डिस्कची वायर सैल झाली असेल, किंवा कुठल्या डिस्कपासून सुरुवात करायची हा क्रम बदलला असेल, किंवा डिस्कच आजारी असेल. आतून टक-टक किंवा खरखर असा आवाज येत असेल तर मात्र हात आवरावा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. प्रत्येक वेळी डिस्क अधिक बिघडते. अशी डिस्क बंद ठेवून, फाइली परत मिळवण्याचेच काम करणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.

विंडोजचे चिन्ह येते आणि मग गाडी अडते, तर वीज, रॅम यांनी आपापले काम बहुतेक केलेले असते. विंडोज १० आणि ११ दोन-तीन वेळा सुरू होताना अडखळली, की स्वतःच दुरुस्तीचा एक निळा पडदा दाखवते. त्यात सेफ मोड असतो, म्हणजे फक्त गरजेपुरत्या फाइली घेऊन सुरू होणे. सिस्टिम रिस्टोर असते, म्हणजे संगणकाच्या आतली मांडणी आधीच्या एखाद्या चांगल्या दिवसासारखी करणे. हे उपाय फाइली न पुसता करता येतात. "रिसेट" या शब्दाजवळ मात्र थांबावे आणि खालचे वाचूनच बोट उचलावे.

संगणक सुरू होतो, दहा मिनिटे चालतो आणि गप्पकन बंद पडतो, तर बहुधा उष्णता. प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीची गादी झालेली असते. वायर काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने ती झाडावी.

आमच्या संगणकाने काय सांगितले

भाचीने आमचा संगणक सुरू केला आणि मोबाइलवर त्याचे चित्रीकरण केले. ती पांढरी ओळ आमच्या डोळ्यांना दिसायची पण वाचता यायची नाही. चित्रीकरण थांबवून वाचली, तर तिचा अर्थ होता : आतल्या सेटिंग्ज सापडल्या नाहीत, मूळच्या घेतल्या आहेत. तिने संगणक पुन्हा सुरू केला आणि डिलीटचे बटण दाबत बायोसचा पडदा उघडला. काही संगणकांत त्यासाठी एफ-२ दाबावे लागते. कोपऱ्यात तारीख होती. मुलगी ओरडली, "अब्बू, हा तर मी छोटी असतानाच्या काळात आहे!" तारीख कितीतरी वर्षे मागची, १ जानेवारी.

"सेल संपलाय, मामू," भाची म्हणाली.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. त्याच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. तीन व्होल्टचा. वीज नसतानाही संगणकातले घड्याळ चालू ठेवायचे आणि जुन्या संगणकांत बायोसच्या सेटिंग्ज लक्षात ठेवायच्या, एवढेच त्याचे काम. वायर लावलेली आणि बटण चालू असेल तर हा भार विजेवर असतो. आपण मात्र काटकसरीने रात्री बोर्डावरचे बटण बंद करतो, मग सगळा भार सेलवर. आमचा सेल आधीच म्हातारा झालेला. पलंगाखालच्या तीन आठवड्यांत त्याने दम सोडला. संगणक सगळे विसरला.

विसरण्यात एक गोष्ट फार महत्त्वाची होती. डिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धती असतात, जुनी आयडीई आणि नंतरची एएचसीआय. अब्बांच्या संगणकात विंडोज दुसऱ्या पद्धतीवर बसवलेली होती. सेल संपताच बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर, म्हणजे पहिल्या पद्धतीवर गेले. विंडोज उठायची, डिस्कला हाक मारायची, ओळखीचे उत्तर यायचे नाही, आणि ती निळा पडदा दाखवून कोसळायची. विंडोज उडालेली नव्हती. डिस्क बिघडलेली नव्हती. अब्बांचे फोल्डर जागच्या जागी होते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या दिवशी आम्ही फॉरमॅटला हो म्हटले असते, तर संगणक खरोखर सुरू झाला असता. नवी विंडोज त्या जुन्या पद्धतीवर बसली असती आणि चालली असती. आम्ही दुकानदाराला पैसे दिले असते, शुक्रिया म्हटले असते आणि फाइली जाणे हे नशिबात होते असे समजून गप्प बसलो असतो. इलाज लागू पडला म्हणजे रोग ओळखला होता असे नाही, हे आम्हाला त्या सेलने शिकवले.

आधी प्रत, मग दुरुस्ती

कारण कळले होते, तरी भाचीने सेटिंगला लगेच हात लावला नाही. "आधी डेटा," ती म्हणाली. वायर काढून तिने डिस्क बाहेर काढली. डिस्कला दोनच वायरी असतात, एक विजेची आणि एक फाइलींची. तिच्याकडे डिस्क यूएसबीला जोडण्याचे एक अडॅप्टर होते. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला त्यासोबत वेगळी वीज द्यावी लागते, लॅपटॉपची छोटी डिस्क यूएसबीच्या विजेवरच चालते. तिने ती आपल्या लॅपटॉपला जोडली आणि एखाद्या मोठ्या पेन ड्राइव्हसारखी ती उघडली. मुलीची कागदपत्रे, लग्नांचे फोटो, इनपेजच्या शेकडो फाइली, आणि अब्बांच्या नावाचे फोल्डर.

अम्मी दारात उभ्या होत्या. भाचीने एका फाइलवर दोनदा टिचकी मारली. आधी खाकरण्याचा आवाज आला. मग अब्बा म्हणाले, "हां, तो मैं क्या बोल रहा था..." अम्मी आत येऊन खाटेवर बसल्या. थोडा वेळ कुणी काही बोलले नाही.

अडॅप्टर नसेल तर दुसरा मार्ग आहे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही मोफत मिळणारी प्रणाली दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि आपला संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. "इन्स्टॉल" नव्हे, "ट्राय" निवडायचे. विंडोज मेलेली असली तरी डिस्क उघडते आणि फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतात.

नव्या संगणकांत एक अडसर येऊ शकतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर नावाचे कुलूप डिस्कला आपोआप लागलेले असते. बायोसमध्ये काही बदल झाला की ते ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली बहुधा आपण लॅपटॉप सुरू करताना दिलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. लॅपटॉप चांगला चालू असताना ती शोधून, वहीत लिहून, घरच्या महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवावी. किल्ली नसेल तर जगातला कुठलाही कारागीर ते कुलूप उघडू शकत नाही. खाते मुलाच्या जुन्या मोबाइल नंबरावर काढलेले असते आणि नंबर बंद झालेला असतो, असे घरोघरी होते. म्हणून खात्याचा पासवर्ड आणि नंबरही पाहून ठेवावा.

प्रत झाली. दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या दुकानातून सेल आणला. पन्नास रुपयांच्या आत मिळाला. जुना काढून, ज्या बाजूला अधिकचे चिन्ह असते ती वर ठेवून, नवा बसवला. बायोसमध्ये तारीख आणि वेळ भरली, डिस्कची पद्धत एएचसीआय केली, सेव्ह करून बाहेर आलो. विंडोजचे चिन्ह आले, गोल फिरले, आणि अब्बांनी लावलेले तेच मक्का शरीफचे चित्र पडद्यावर आले.

तारीख बरोबर असणे ही छोटी गोष्ट नाही. वेळ चुकीची असेल तर बँकेची किंवा शिष्यवृत्तीची वेबसाइटही "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाही, कारण वेबसाइटच्या ओळखपत्राची मुदत संगणक आपल्या घड्याळावरून तपासतो. तुमचा संगणक रोज तारीख विसरत असेल तर समजा, सेल बदलायची वेळ झाली.

एका शुक्रवारी सगळे जग अडले होते

घरच्या एका संगणकासाठी एवढी खटपट कशाला, असे कुणी म्हणेल. त्यांना १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवावा. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरचा एक सदोष भाग जगभर पाठवला. त्या दिवशी विंडोजचे संगणक निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागले, अगदी आमच्या संगणकासारखे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने असे ८५ लाख संगणक होते. जगभर विमाने थांबली, इस्पितळांची आणि बँकांची कामे अडली. मुंबई आणि दिल्लीच्या विमानतळांवरही रांगा लागल्या, आणि देशात काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

त्यावरचा इलाज काय होता? फॉरमॅट नव्हे. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा, ती एक सदोष फाइल पुसायची आणि पुन्हा सुरू करायचा. काम सोपे होते, पण संगणकासमोर बसून एकेक करून करावे लागले. आणि जिथे डिस्कला बिटलॉकरचे कुलूप होते आणि किल्ली हाताशी नव्हती, तिथे तेवढ्या सोप्या कामालाही फार वेळ लागला. मोठ्या कंपन्यांची आणि आपल्या घराची गोष्ट इथे एकच होते : बिघाड छोटा होता, तो कुठे आहे हे कळणे मोठे होते.

आणखी एक तारीख घरोघरी कामाची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणे थांबवले. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. म्हणजे जुना संगणक बदलणे, त्यावर दुसरी प्रणाली टाकणे, असे कितीतरी घरांत होणार आहे. प्रत्येक घरात तो "फॉरमॅट" शब्द निघणार आहे. त्याआधी प्रत निघाली पाहिजे.

दुकानात देताना

सगळे घरी होत नाही. मदरबोर्ड गेला, एसएमपीएस गेला, तर दुकानातच जावे लागते. आपल्या शहरात चांगले, प्रामाणिक कारागीर आहेत. पण देण्याची एक रीत असावी.

घरच्या संगणकात घरातल्या बायका-मुलींचे फोटो असतात, बँकेचे कागद असतात. बिघाड डिस्कचा नसेल तर डिस्क काढून घरी ठेवावी आणि बाकीचा डबा द्यावा. डिस्क द्यावीच लागली तर प्रत काढून, खासगी फोल्डर पुसून द्यावी, किंवा काम होईपर्यंत तिथेच बसावे. आमच्या अम्मी म्हणतात, दर्जीला कपडा देताना खिसे तपासून देतो, मग हे का नाही?

दुकानदाराला पहिल्याच वाक्यात सांगावे, "आतल्या फाइली आम्हाला हव्या आहेत. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका." आणि हेच वाक्य पावतीवर लिहून घ्यावे. बिघाड काय आहे असे विचारावे. "विंडोज उडाली" हे उत्तर आले तर पुढे विचारावे, "कशामुळे?" चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही.

घरासाठी उजळणी

१. संगणक कुठपर्यंत जातो ते पाहा. मोबाइलवर चित्रीकरण करा, पडद्यावरची ओळ वाचा.

२. बोर्ड, वायरी, मागचे बटण आणि लावून राहिलेला पेन ड्राइव्ह आधी तपासा.

३. डबा उघडण्यापूर्वी वायर काढा. एसएमपीएस कधीही उघडू नका.

४. तारीख चुकत असेल तर सीआर २०३२ सेल बदला. बायोसमध्ये काही बदलण्यापूर्वी आधीच्या सेटिंगचा फोटो काढा.

५. डिस्क टक-टक करत असेल तर ताबडतोब बंद करा.

६. प्रत काढल्याशिवाय रिसेट नाही, फॉरमॅट नाही.

७. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या जागी असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर असावी.

आमच्या घरी आता अब्बांच्या फोल्डरच्या तीन प्रती आहेत. एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर अम्मीच्या कपाटात, आणि एक भाचीच्या घरी. मुलीने आपली कागदपत्रे वेळेत भरली. आता ती रविवारी अब्बांच्या ध्वनिफिती ऐकून एकेक गोष्ट मराठीत लिहून काढते आहे.

शहागंजच्या चौकातला निजामी काळातला घड्याळाचा मनोरा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कित्येक वर्षे त्याचे घड्याळ बंद होते. काटे थांबले म्हणून मनोरा पाडावा असे कुणी म्हटले नाही. अलीकडे स्मार्ट सिटीच्या कामात त्याची दुरुस्ती झाली. त्या मनोऱ्याखालून बाजाराला जाताना अम्मी परवा म्हणाल्या, "घड्याळ बंद पडलं होतं, वेळ थोडीच थांबली होती." मग पिशवी सावरत आम्हाला विचारले, "त्या डिस्कची या महिन्याची प्रत काढली का रे?"

काढली नव्हती. घरी येऊन आधी ती काढली.